डायलिसिसच्या फाइलमध्ये मनाचं पान नाही

डायलिसिसवर असलेल्या माणसाला "काय, बरं आहे का?" म्हणून विचारलं की उत्तर बहुतेक वेळा आकड्यांत येतं. "आज अडीच किलो वाढलं होतं." "हिमोग्लोबिन आठवर आलंय." "तिसऱ्या तासाला बीपी पडलं." आकडे महत्त्वाचे आहेतच, उपचार त्यांच्यावरच ठरतात. पण रात्री झोप लागते का, कशात जीव रमतो का, हे सगळं कशासाठी करायचं असं मनात येतं का, हे तो आपणहून सांगत नाही आणि त्याला कुणी विचारतही नाही. फाइलमध्ये त्याच्यासाठी पानच नसतं.

माझे दाजी तासगाव तालुक्यातले द्राक्षबागायतदार. आधी साखर, मग बीपी, मग दोन्ही किडन्या, अशा आपल्याकडच्या नेहमीच्या वाटेने ते डायलिसिसपर्यंत आले. त्यांच्याबरोबर सांगलीला जाता-येता, डॉक्टरांना आणि सिस्टरना विचारून आणि मिळेल ते वाचून जे कळलं ते इथे सोपं करून मांडतोय. कारण एक वाक्य मी फार वेळा ऐकलं: "किडन्या गेल्यात म्हटल्यावर माणूस खचणारच की." म्हणणाऱ्याच्या मनात मायाच असते, पण त्या वाक्याने उपचाराची वाट बंद होते. डायलिसिसवरच्या माणसाला येणारं नैराश्य हा स्वतंत्र आजार आहे. तो ओळखता येतो, त्याच्यावर उपचार आहेत, आणि तो अंगावर काढला तर किडनीच्या उपचाराचंही नुकसान होतं.

१६८ तासांचं काम १२ तासांत

धडधाकट किडनी रात्रंदिवस चालू असते, आठवड्याचे १६८ तास. रक्तातला युरिया, क्रिएटिनिन, जादा पोटॅशियम, जादा पाणी ती सतत बाहेर टाकते. डायलिसिसमध्ये हातातून रक्त बाहेर घेऊन मशीनच्या गाळणीतून फिरवतात आणि परत शरीरात सोडतात. एका वेळेला साधारण ४ तास, आठवड्यातून ३ वेळा. १६८ तासांचं काम १२ तासांत उरकायचं म्हटल्यावर ते पुरं होत नाही. मधल्या दिवसांत पाणी आणि नको असलेली द्रव्यं साठत राहतात, म्हणून खाण्यापिण्यावर बंधनं येतात. खर्चामुळे किंवा अंतरामुळे दोनदाच येणारेही आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांची बंधनं आणखी कडक.

विलेम कोल्फ या डच डॉक्टरांनी १९४३ साली, ऐन महायुद्धात, पहिलं उपयोगी डायलिसिस मशीन बनवलं. पण ते थोड्या दिवसांपुरतं, किडनी परत चालू होईपर्यंत माणूस तगवायला. दर वेळी नवी शीर उघडावी लागे आणि शिरा संपत. १९६० मध्ये सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातात कायमची नळी बसवली, तेव्हा कुठे पुन्हा पुन्हा डायलिसिस करणं शक्य झालं. धमनी आणि शीर जोडून केलेला फिस्टुला, जो आज पुष्कळांच्या हातात असतो, तो १९६६ चा. म्हणजे मशीनच्या आधाराने वर्षानुवर्षं जगणं ही जेमतेम ६५ वर्षांची गोष्ट आहे. असं जगायचं कसं हे सांगणारी जुनी माणसं आपल्या घरांत नाहीत. साखरेच्या पथ्याबद्दल प्रत्येक आत्याकडे सल्ला असतो. डायलिसिसबद्दल कुणाकडेच नसतो, आणि घरातला तो माणूस त्यात एकटा पडतो.

काटा, चहा आणि बाग

आल्या आल्या चप्पल काढून वजनकाट्यावर उभं राहायचं असतं. डॉक्टरांनी 'ड्राय वेट' ठरवून दिलेलं असतं, म्हणजे अंगात जादा पाणी नसताना जे वजन हवं ते. त्याच्यावर जेवढे किलो, तेवढं पाणी आज काढायचं. मधल्या दिवसांत किती प्यालात याचा हिशेब तिथेच, बाकीच्या पेशंटांदेखत निघतो. "काका, परत चार किलो?" सिस्टरच्या आवाजात काळजीच असते. पण आयुष्यभर दुसऱ्यांना हिशेब विचारलेला साठीचा माणूस तेव्हा खाली मान घालून उभा असतो, हे मी पाहिलंय. मग फिस्टुलाच्या हातात दोन जाड सुया. पाणी फार काढावं लागलं की पायात गोळे येतात, बीपी पडतं. घरी पोहोचेपर्यंत अंगातलं त्राण गेलेलं असतं. दुसऱ्या दिवशी जरा हुशारी वाटते, तिसऱ्या दिवशी परत गाडी.

लघवी जवळजवळ बंद झालेल्या माणसाला दिवसाला बहुधा अर्धा ते एक लिटर द्रव चालतं. त्यात पाणी, चहा, ताक, आमटी, गोळीबरोबरचा घोट, सगळं आलं. आता आपल्या गावाकडचा रिवाज आठवा. कुणाच्या दारात गेलं की आधी तांब्या, मग चहा. नको म्हटलं तर "निदान अर्धा कप तरी." दाजी सुरुवातीला अर्धा कप घ्यायचे. चार घरचे चार अर्धे कप दुसऱ्या दिवशी काट्यावर दिसायचे. मग त्यांनी कुणाकडे जाणं कमी केलं. पुढे लग्नाकार्यालाही जाईनात, कारण पंगतीत त्यांना चालेल असं भातापलीकडे काही नसायचं. कुणी त्यांना तोडलं नाही, कुणाशी भांडण झालं नाही. चहाच्या कपापासून सुरू झालेला एकटेपणा वर्षाच्या आत घरभर झाला.

तासगाव म्हणजे बेदाण्याची पेठ. द्राक्ष वाळतं तेव्हा पाणी उडून जातं आणि पोटॅशियम मागे राहतं, एकवटतं. किडनी चालत नसलेल्या माणसाच्या रक्तात पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, हृदय बंदही पडू शकतं. म्हणून ज्याने शेडवर टनांनी बेदाणा केला, त्याला मूठभर बेदाणा तोंडात टाकता येत नाही. केळ्याचं, शहाळ्याचंही तेच. पण दाजींना खाण्यापेक्षा जास्त लागलं ते बागेचं. छाटणीनंतर पाऊस झाला की फवारणी लगेच लागते, उद्यावर ढकलता येत नाही, आणि डायलिसिसचा वारही ढकलता येत नाही. अशाच एका दिवशी त्यांच्या मुलाने स्वतःच्या विचाराने औषध बदललं. फवारणी नीट झाली. दाजी त्याला काही बोलले नाहीत, पण त्यानंतर बागेत जायचे तेही कमी झाले.

खर्चाची बाजू सगळ्यांना माहीत आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आणि २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात पात्र रुग्णांना डायलिसिस मोफत मिळतं, हा फार मोठा आधार आहे. तरी गाडीभाडं आणि सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज उरतोच. जत, आटपाडीकडून सांगली-मिरजेला येणाऱ्याचा तर अख्खा दिवस जातो. त्यात आपल्याकडे पुराची धास्ती. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात रस्ते बंद झाले होते. पावसाळ्यात कोयनेचा विसर्ग वाढल्याची बातमी आली की बाकीचे पिकाची काळजी करतात, डायलिसिसवरच्या माणसाच्या डोक्यात मात्र एकच असतं: परवा सांगलीत पोहोचता येईल का?

आणखी एक गोष्ट आहे, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. डायलिसिसचे वार आणि वेळ ठरलेली असते, त्यामुळे शेजारच्या बेडवर तीच माणसं वर्षानुवर्षं असतात. एकमेकांची वजनं, लेकीबाळींची लग्नं, सगळं ठाऊक असतं. एखाद्या सोमवारी शेजारचा बेड रिकामा दिसतो. बुधवारी तिथे नवा माणूस असतो. स्टाफला कामातून उसंत नसते, आणि काय बोलावं हेही सुचत नसेल. पण आजूबाजूच्या सगळ्यांना कळलेलं असतं, आणि प्रत्येक जण छताकडे बघत आपला नंबर मोजत असतो. मला मनापासून वाटतं, अशा दिवशी कुणीतरी दोन मिनिटं थांबून "ते गेले" एवढं तरी मोकळेपणी सांगावं.

थकवा किडनीचा की मनाचा

डायलिसिसवरच्या रुग्णांमधल्या नैराश्याबद्दल जगभरात झालेले अभ्यास एकत्र करून २०१३ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. प्रश्नावली भरून घेतली तेव्हा साधारण ३९ टक्के रुग्णांत नैराश्याची लक्षणं दिसली. समोर बसून रीतसर मुलाखत घेऊन तपासलं तेव्हा प्रमाण साधारण २३ टक्के आलं. कमीत कमी धरलं तरी दर चार-पाच जणांत एक. पण दोन आकड्यांत एवढा फरक का, हे कळलं की अर्धा विषय कळतो.

प्रश्नावलीत विचारतात: थकवा येतो का, भूक कमी झालीय का, झोप लागत नाही का? डायलिसिसवरचा जवळपास प्रत्येक माणूस हो म्हणेल. रक्त तयार करायचा निरोप देणारं संप्रेरक किडनीत बनतं, ते कमी पडल्याने रक्त कमी आणि अंगात थकवा. युरिया वाढला की अन्नावरची वासना उडते. फॉस्फरस वाढल्याने आणि कातडी कोरडी पडल्याने रात्रभर खाज. पाठ टेकली की पाय सारखे हलवावेसे वाटतात. दुपारी मशीनवर डुलकी झालेली असते ती वेगळीच. नवरा-बायकोतली जवळीक कमी होते, त्यालाही शरीरातली कारणं असतात, आणि त्याबद्दल तर डॉक्टरांपुढे तोंड उघडायचं धाडस कुणाला होत नाही.

त्यामुळे चूक दोन्ही बाजूंनी होते. कधी खरं नैराश्य "किडनीचा थकवा" म्हणून सुटून जातं, तर कधी रक्त सातवर आलेल्या माणसाला "मन खंबीर ठेवा" सांगून घरी पाठवतात. दोन्हीकडे एकाच वेळी बघावं लागतं. हिमोग्लोबिन, थायरॉईड, डायलिसिस पुरेसं होतंय का, खाज, झोप हे तपासायचं आणि त्याच आठवड्यात मनाचंही विचारायचं.

विचारायचं काय? पीएचक्यू-९ नावाची ९ प्रश्नांची एक यादी जगभर वापरतात. तिचे पहिले दोन प्रश्न घरातलं माणूसही विचारू शकतं. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस किंवा आनंद वाटेनासा झालाय का? उदास वाटतं का, पुढे काही चांगलं होणारच नाही असं वाटतं का? किडनीचा थकवा असलेला माणूस थकलेला असतो, पण नातू आला की त्याचा चेहरा फुलतो, मॅचचा स्कोअर विचारतो. नैराश्यात तेही जातं. "मी घरावर ओझं झालोय" हे वाक्य वारंवार येऊ लागलं, तर ते युरियामुळे येत नाही. दोन आठवड्यांत बहुतेक दिवस असं असेल तर डॉक्टरांना सांगायला हवं. ही तपासणीची पहिली पायरी आहे, निदान डॉक्टरच करतात.

आपल्याकडच्या पुरुषांत तर हे डोळ्यांतल्या पाण्यातून फार क्वचित दिसतं. दाजींचं चिडण्यातून दिसलं. भाजीत मीठ नाही म्हणून ताट सरकवायचे. एकदा जाणूनबुजून लोणच्याची बरणी घेऊन बसले. "आज अंगात ताकद नाही, नाही जात" म्हणत डायलिसिस बुडवायला लागले. आक्का, म्हणजे माझी बहीण, मला कोपऱ्यात बोलावून म्हणाली, "ह्यांना काय विचारू नको, लगेच भडकतात." आम्हाला सगळ्यांना तो हट्ट वाटत होता. पथ्य मोडणं आणि डायलिसिस चुकवणं हे कित्येकदा नैराश्याचंच रूप असतं. म्हणूनच नैराश्य असलेल्या रुग्णांना वारंवार ॲडमिट व्हावं लागतं आणि त्यांच्यात मृत्यूचं प्रमाणही जास्त असतं, असं अनेक अभ्यासांत दिसलंय.

एक सावधगिरी. माणूस एकदोन दिवसांत अचानक गोंधळला, बरळायला लागला, ओळखेनासा झाला, तर त्याला नैराश्य समजून थांबू नका. साखर एकदम खाली गेली असेल, जंतुसंसर्ग झाला असेल, रक्तातली घाण फार वाढली असेल. त्याच तासाला दवाखाना गाठायचा.

उपचार काय आहेत

बोलून करायचा उपचार आणि गोळ्या, हे दोन मुख्य रस्ते. बोलण्याच्या उपचारात सीबीटी नावाची पद्धत सगळ्यात जास्त अभ्यासली गेली आहे. "एक डायलिसिस चुकलं, आता सगळं संपलं" अशा विचारांना पकडायचं, ते तपासून बघायचं आणि दिवसात करण्याजोग्या छोट्या गोष्टी परत सुरू करायच्या, असं तिचं काम चालतं. २०१९ साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात नैराश्य असलेल्या काही डायलिसिस रुग्णांना मशीन चालू असतानाच, खुर्चीशेजारी बसून, सीबीटी दिली आणि काहींना सर्ट्रालिन ही गोळी. १२ आठवड्यांनी दोन्ही गटांत सुधारणा होती. गोळीच्या गटात थोडी जास्त, पण दुष्परिणामही तिथे जास्त. त्याआधी २०१७ च्या एका अभ्यासात, किडनीचा आजार असलेल्या पण डायलिसिस सुरू न झालेल्या लोकांत, हीच गोळी आणि औषध नसलेली नुसती गोळी यांत फरक दिसला नव्हता. म्हणजे गोळी घेतली की सगळं मिटलं असं कुणी समजू नये, आणि काही उपयोगच नाही असंही नाही. मला त्या अभ्यासातली खुर्चीशेजारची गोष्ट फार मोलाची वाटते. पेशंट आठवड्याला १२ तास एकाच जागी बसलेला असतो. समुपदेशकाने तिथे यायचं, त्याला आणखी एका दवाखान्यात पाठवायचं नाही, एवढा बदल आपल्याकडेही करता येण्यासारखा आहे.

गोळ्यांबद्दल घराघरांत भीती असते: मेंदूच्या गोळ्या, सवय लागते. सवय लागण्याचा धोका झोपेच्या काही गोळ्यांना असतो. नैराश्याच्या गोळ्यांची तशी चटक लागत नाही, पण त्या मनाने एकदम बंदही करायच्या नसतात. डायलिसिसवर खरी काळजी घ्यायची ती डोसची. काही औषधं किडनीवाटेच बाहेर पडतात. लिथियम किंवा गॅबापेंटिन साध्या माणसाच्या डोसने दिलं तर अंगात साठून त्रास देतं. म्हणून मनोविकारतज्ज्ञांना पहिल्याच वाक्यात "डायलिसिस चालू आहे" सांगायचं, फाइल दाखवायची, आणि मेडिकलमधून आपापलं काही आणायचं नाही.

जायचं कुठे? शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या सिव्हिल रुग्णालयात मनोविकार विभाग असतो, केसपेपर काढून तिथे दाखवता येतं. ज्यांना तिथवर जायचा संकोच वाटतो त्यांच्यासाठी टेलिमानस ही सरकारी फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

"आता हे सगळं बंद करा, मला सोडवा" असं पेशंट म्हणाला की घरचे "असं अभद्र बोलू नये" म्हणून विषय तोडतात. तोडू नका. त्या वाक्यात कधी थकवा असतो, कधी दुखणं, कधी जीव द्यायचा विचार. यातलं काय आहे हे विचारल्याशिवाय कळत नाही. सरळ विचारावं: "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बहुतेकांना कुणीतरी विचारल्याचा हलकेपणा वाटतो. उत्तर हो आलं तर माणसाला एकटं सोडायचं नाही, गोळ्या आणि शेतातली औषधं हाताशी ठेवायची नाहीत आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. अमेरिकेतल्या रुग्णांच्या नोंदींवरून २००५ साली दिसून आलं की हा धोका डायलिसिस सुरू झाल्यावरच्या पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त असतो. म्हणजे घरातले सगळे फिस्टुला आणि पथ्य शिकण्यात गुंतलेले असतात, नेमका तेव्हा.

औषधाशिवायही काही गोष्टी बदलता येतात. शिफ्ट बदलून मिळते का विचारावं; सकाळच्या पहिल्या पाळीने दाजींची संध्याकाळ मोकळी झाली. डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज थोडं चालणं. काहींना पोटातून घरीच करायचं डायलिसिस जमतं, त्यात रोज करावं लागतं पण येण्याजाण्याची पायपीट वाचते.

किडनी प्रत्यारोपणाचा विषय मात्र घरात जपून हाताळावा लागतो. १९९४ च्या कायद्याप्रमाणे आईवडील, भावंडं, मुलं, नवरा-बायको असे जवळचे नातेवाईक किडनी देऊ शकतात. आपल्या देशात देणाऱ्यांत बायकाच जास्त असतात. पेशंट मागू शकत नाही, नातेवाईक देतो म्हणू शकत नाहीत किंवा नाही म्हणू शकत नाहीत, आणि ते न बोललेलं जेवणाच्या ताटाशी रोज येऊन बसतं. एकदा डॉक्टरांसमोर सगळ्यांनी बसून, कुणाची तपासणी होऊ शकते आणि कुणाची नाही हे स्पष्ट केलं तर पुष्कळ ताण उतरतो. नाही म्हणायचा हक्कही तिथेच, सगळ्यांसमोर मान्य करावा.

आता आक्काबद्दल. दोन भाज्या करायच्या, एक बिनमिठाची. डाळ-भाजीचं पाणी फेकून द्यायचं, फाइल सांभाळायची, गाडीत बसायचं, चार तास बाकड्यावर काढायचे. आणि दिवसभर नवऱ्याच्या तांब्यावर लक्ष ठेवायचं. या शेवटच्या कामाने त्यांच्यात सगळ्यात जास्त भांडणं झाली. बायकोला पहारेकरी केलं की दोघांचंही मन कडू होतं. डॉक्टरांनीच एक तोडगा सांगितला: दिवसाचं पाणी सकाळी एका बाटलीत भरून दाजींच्या ताब्यात द्यायचं. चहा घेतला तर तेवढं पाणी त्यांनी स्वतः बाटलीतून कमी करायचं. कुणी विचारायचं नाही, हिशेब त्यांचा. बरंच मिटलं त्याने. पण आक्काची पाठ दुखते, झोप होत नाही, आणि तिचं बीपी कित्येक महिने कुणी मोजलंच नव्हतं. डायलिसिसच्या दिवशी ती तिथेच चार तास बसलेली असते. त्या वेळात तिचं बीपी बघून घ्या, तिलाही वरचे दोन प्रश्न विचारा, आणि महिन्यातून दोन-चार पाळ्यांना घरातल्या दुसऱ्या कुणीतरी गाडीत बसा.